लाउडस्पीकर: जिन-ब्रँडीचं जुनं कॉकटेल बेळगावच्या बाटल्यांवर कसं जमवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिन आणि ब्रँडी समसमान, त्यात संत्र्याचं लिकर (फळाच्या वासाची गोड दारू) आणि लिंबाचा रस घालून 'लाउडस्पीकर' हे जुनं कॉकटेल बेळगावात मिळणाऱ्या बाटल्यांवर केलं. मापं बरोबर होती, बर्फही भरपूर होता, तरी ते खोकल्याच्या औषधासारखं लागलं. चुकलं कुठे? आणि आपलं कागदी लिंबू, कोकम, गूळ वापरून ते सुधारता येईल का?

येईल. बहुतेक जण दुरुस्ती लिंबापासून सुरू करतात, आणि तिथेच फसतात. औषधाची चव ब्रँडीतून येते. तिचा निकाल लागेपर्यंत बाकीच्या वस्तूंना हात लावू नका.

आधी मूळ कृती. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातला बारमन हॅरी क्रॅडॉक याच्या १९३० सालच्या संग्रहात ती आठ भागांत दिली आहे: तीन भाग ड्राय जिन, तीन भाग ब्रँडी, एक भाग क्वांत्रो (हे संत्र्याचं फ्रेंच लिकर), एक भाग लिंबाचा रस. ८० मिलीच्या हिशेबात हे ३०, ३०, १० आणि १० होतं. बीबीसीचे स्टुडिओ त्या काळात हॉटेलाला लागूनच, सॅव्हॉय हिलवर होते, त्यामुळे नावाचा उलगडा करायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या भाषेत याला 'कर्णा' म्हणता येईल, आणि जत्रेतल्या कर्ण्यासारखाच तो दोन घोटांत कानाशी वाजू लागतो. त्याचं कारण पुढे मापात येईलच.

रचना नीट पाहिली तर ही दोन प्रसिद्ध कॉकटेलांची सोयरीक आहे. ब्रँडी, क्वांत्रो आणि लिंबू म्हणजे साइडकार. जिन, क्वांत्रो आणि लिंबू म्हणजे व्हाइट लेडी. लाउडस्पीकरमध्ये दोघींचा दारूचा भाग एकत्र येतो, आणि गोड-आंबट मात्र कमी होतं. इथेच खरी मेख आहे. साइडकारमध्ये लिंबू आणि लिकर इतकं असतं की सुमार ब्रँडी त्याखाली झाकली जाते. लाउडस्पीकरमध्ये ८० पैकी ६० मिली दारूच आहे, त्यामुळे बाटलीत जे असेल ते उघडं पडतं.

आणि आपल्या बाटलीत काय असतं? फ्रान्समधली कोन्याक म्हणजे द्राक्षाची वाइन गाळून किमान दोन वर्षं ओकच्या पिंपात मुरवलेली. आपल्याकडची स्वस्त आणि मध्यम किमतीची बहुतेक ब्रँडी ऊसाच्या मळीपासून केलेल्या न्यूट्रल, म्हणजे स्वतःची चव-वास नसलेल्या, अल्कोहोलवर उभी असते. त्यात द्राक्षाची ब्रँडी थोडी, रंगासाठी कॅरमेल, आणि वासासाठी व्हॅनिलाच्या वळणाचा अर्क. ऊस आणि साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात मळी म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगायला नको. ही ब्रँडी वाईट म्हणून टाकून द्या असं सांगायचं नाही. गरम पाण्यात किंवा सोड्यात ती आपल्या जागी ठीक आहे. पण व्हॅनिला आणि कॅरमेलवर लिंबू पिळलं, त्यात जुनिपरचा, म्हणजे जिनला तिची ओळख देणाऱ्या फळाचा, राळेसारखा वास मिसळला, की जिभेला ओळखीचं एकच काही आठवतं: कफ सिरप. तुमची जीभ बरोबर आहे.

बाटली तपासणं

लेबलाची मागची बाजू वाचा. तिथे न्यूट्रल स्पिरिट, कॅरमेल, 'ॲडेड फ्लेवर' असे शब्द असतील तर अंदाज आला. 'ग्रेप' किंवा 'पॉट स्टिल' लिहिलं असेल तरी लगेच खूश होऊ नका, कारण किती टक्के ते बहुधा दिलेलं नसतं. त्यापेक्षा दोन घरगुती चाचण्या जास्त भरवशाच्या.

पहिली: दोन थेंब तळहातावर चोळा आणि पाच मिनिटं थांबा. अल्कोहोल उडून जातं. मागे मनुका, सुकं लाकूड, थोडा शेंगदाण्याच्या सालीसारखा वास राहिला तर ब्रँडी बरी आहे. आइस्क्रीमसारखा व्हॅनिलाच राहिला तर समजून जा.

दुसरी: एका रुंद भांड्यात उकळतं पाणी घ्या, गॅस बंद करा, खिडकी उघडा. त्यावर स्टीलच्या ताटलीत १० मिली ब्रँडी ठेवून ती उडू द्या. पाणी निवलं तर बदला, पण ताटली वर असताना गॅस पेटवू नका, अल्कोहोलची वाफ पेट घेते. शेवटी ताटलीवर बोट फिरवा. चिकट तपकिरी थर लागला तर ब्रँडीत साखर-कॅरमेल बरंच आहे, म्हणजे कॉकटेलमधलं गोड तितकं कमी करायचं.

आता चव. जिन आणि ब्रँडी वेगवेगळ्या ग्लासात प्रत्येकी १० मिली, त्यात ५ मिली साधं पाणी. बर्फ नको. थंडीत गोडी आणि वास दोन्ही दबतात, म्हणून दोष शोधताना पेय खोलीच्या तापमानाला हवं. नाक ग्लासात खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून कडेवरून वास घ्या, नाहीतर अल्कोहोल नाकात चढून पुढचं काही कळत नाही. आधी जिन, मग ब्रँडी. मध्ये पाणी आणि मूठभर साधे चुरमुरे. भडंग नको, त्यातला लसूण-मसाला अर्धा तास जिभेवरून उतरत नाही. तंबाखू किंवा गुटखा तोंडात असताना हे करण्यात काहीच अर्थ नाही.

जिनमध्ये तीन गोष्टी शोधा: जुनिपर, धणे, लिंबूवर्गी साल. जुनिपर आपल्याला तसा परका नाही, आयुर्वेदातलं हपुषा हे त्याच कुळातलं. या कॉकटेलला जुनिपर ठळक असलेली साधी लंडन ड्राय धाटणीची जिन लागते. गोव्यात तयार होणारी 'ग्रेटर दॅन' त्या वळणाची आहे. 'स्ट्रेंजर अँड सन्स'सारखी मसाला आणि लिंबूवर्गी सालींवर जाणारी जिन टॉनिकमध्ये छान वाटते, इथे मात्र ती ब्रँडीतल्या व्हॅनिलाला आणखी चढवते. हे माझं मत. कुणाला तेच आवडलं तर वाद नाही.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर एक व्यवहाराची गोष्ट. चोर्ला घाटाने जाऊन गोव्यातून स्वस्त बाटल्या आणण्याचा मोह या भागात सगळ्यांनाच होतो. फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेली बाटली परवान्याशिवाय कर्नाटकात आणणं गुन्हा आहे, आणि कणकुंबीच्या नाक्यावर गाडी उघडायला लावतात. चंदगडच्या बाजूला महाराष्ट्रात पिण्याचा परवाना लागतो आणि कडक दारूसाठी वयाची अट २५ आहे. बेळगावातल्या वाइन शॉपमध्ये किंवा एमएसआयएल या राज्य सरकारच्या कंपनीच्या दुकानात जे मिळतं त्यावर हे कॉकटेल जमतं, म्हणून हा खटाटोप.

वाटा बदला

देशी ब्रँडीला निम्मा वाटा देऊ नका. दोन भाग जिन, एक भाग ब्रँडी ठेवा. एवढ्या एका बदलाने औषधाची चव बरीच मागे हटते. ब्रँडी मग पायासारखी खाली राहते, जिनच्या कोरडेपणाला थोडी गोलाई देते, आणि स्वतः बोलत नाही. पुरेपूर द्राक्षाची, मुरवलेली ब्रँडी हाती असेल तर मात्र मूळ समसमान मापाला हात लावू नका, तिथे तेच योग्य.

देशी ब्रँडीसाठी माप असं:

जिन ४० मिली
ब्रँडी २० मिली
संत्र्याचं लिकर १५ मिली
लिंबाचा रस १२ मिली
मिठाच्या पाण्याचे २ थेंब
साखरेचा पाक, लागला तरच, अर्धा चहाचा चमचा

मिठाचं पाणी म्हणजे ८० मिली पाण्यात २० ग्रॅम मीठ. दोन थेंबांनी खारट होत नाही, फक्त कडवटपणा दबतो. जास्त पडलं तर उपाय नाही, म्हणून ड्रॉपर वापरा, चमच्याने टाकू नका.

लिकर आणि लिंबू दोन्ही मूळ कृतीपेक्षा थोडं जास्त का? मूळ माप फार कोरडं आहे. क्वांत्रोमध्ये लिटरला साधारण २५० ग्रॅम साखर असते, म्हणजे १० मिलीत अडीच ग्रॅम. लिंबाच्या रसात आम्ल सुमारे ६ टक्के, म्हणजे १० मिलीत ०.६ ग्रॅम. ६० मिली दारूपुढे हे दोन्ही फार थोडं आहे. उत्तम ब्रँडीला हा मोकळेपणा शोभतो. साध्या ब्रँडीला थोडं पांघरूण द्यावं लागतं.

पाक शेवटी ठेवलाय तो मुद्दाम. ताटलीवर चिकट थर लागला असेल तर पाकाची गरजच पडत नाही.

लिंबू

मूळ कृतीतलं लिंबू म्हणजे युरोपातलं मोठं, पिवळं, जाड सालीचं. आपलं कागदी लिंबू वेगळं फळ आहे. आंबटपणाचं प्रमाण जवळपास सारखंच, पण कागदीच्या आंबटपणात मॅलिक आम्लाचा, म्हणजे हिरव्या सफरचंदाच्या जातीचा, भाग असतो आणि सालीचा वास जास्त तिखट. हिरवं लिंबू ब्रँडीच्या अंगावर धावून जातं. म्हणून गणपत गल्लीत लिंबं घेताना हिरवी टणक बाजूला ठेवा आणि पातळ सालीची, पूर्ण पिवळी झालेली निवडा. विजापूरकडची इंडीची लिंबं मिळाली तर उत्तम, त्यांना रस भरपूर असतो. एका मध्यम लिंबातून १२ ते १५ मिली रस निघतो, म्हणजे एका ग्लासाला एक लिंबू.

पिळताना चूक होते ती अशी: लोखंडी पक्कडीत लिंबू घालून शेवटच्या थेंबापर्यंत दाबतात. सालीतलं तेल आणि पांढऱ्या भागातला कडवटपणा रसात उतरतो, आणि मग दोष जिनवर जातो. लिंबू आडवं कापा, बिया काढा, हाताने पिळा, दोन थेंब राहिले तर राहू द्या. रस चहाच्या गाळणीतून गाळा आणि तीन-चार तासांत वापरा. सकाळचा रस संध्याकाळी शिळा लागतो. बाटलीतला तयार रस तर अजिबात नको.

संत्र्याचं लिकर घरी

क्वांत्रो महाग आहे. दुकानातलं स्वस्त ट्रिपल सेक, म्हणजे त्याच जातीचं संत्र्याचं लिकर, पुष्कळदा चॉकलेटच्या गोळीसारखा वास देतं. घरी करणं सोपं आहे, फक्त वेळेचं भान हवं.

नागपुरी संत्र्याच्या ताज्या सालीचा फक्त केशरी भाग २० ग्रॅम घ्या. आतला पांढरा भाग चमच्याने किंवा सुरीने खरवडून काढा, यात आळस केलात तर लिकर कडू होणारच. सालीवर मेण असेल, विशेषतः हिवाळ्यात येणाऱ्या किन्नूवर, तर गरम पाण्याने चोळून धुवा. साल २०० मिली साध्या व्होडकात बुडवून काचेच्या बरणीत २४ तास ठेवा. ३६ तासांच्या पुढे जाऊ नका, तेलाबरोबर तुरटपणा उतरू लागतो. गाळून घ्या. ७५ ग्रॅम साखर ५० मिली पाण्यात गरम करून विरघळवा, पूर्ण गार करा, मग त्यात मिसळा. सुमारे ३०० मिली लिकर होतं, साखर क्वांत्रोच्या जवळपास, ताकद साधारण २९ टक्के. पाक गरम असताना ओतलात तर वास उडून जातो. मिश्रण थोडं गढूळ झालं तर घाबरू नका, ते सालीचं तेल आहे. फ्रिजमध्ये दोन महिने सहज टिकतं.

संत्र्याचे बहार दोन: आंबिया साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग फेब्रुवारी ते एप्रिल. मधल्या काळासाठी सालं सावलीत वाळवून ठेवा. वाळलेली साल ७ ग्रॅम पुरते. मोसंबीची साल वापरून पाहू नका, वास फार मिळमिळीत येतो.

हे बाजारातल्या दारूत साल मुरवणं झालं. घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे आणि विषबाधेचा धोका वेगळाच, त्या वाटेला जाऊ नका.

बर्फ आणि हलवणं

आता कुणी फारसं लक्ष देत नाही तो भाग. कॉकटेलमध्ये पाणी हाही घटक आहे, आणि त्याचं माप बर्फ ठरवतो. घरच्या ट्रेमधला बर्फ लहान, मधे पोकळ, आणि दहा वेळा दार उघडल्यामुळे ओला असतो. तो पाणी लवकर सोडतो पण गारवा कमी देतो. पाणी उकळून, निववून, खोल वाटीत किंवा जुन्या डब्यात दोन रात्री गोठवा, मग फोडून अक्रोडाएवढे तुकडे करा. शेकरमध्ये टाकण्याआधी वरचं पाणी झटका. बर्फाच्या कारखान्यातली लादी आणायची असेल तर ती खाण्याची आहे का हे विचारून घ्या. निळसर रंगाचा बर्फ मासे-फळं गार ठेवण्यासाठी असतो, पोटात घालण्यासाठी नाही.

शेकर नसेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा चालतो. दोन तृतीयांश बर्फ भरा, सगळं ओता, झाकणावर हात ठेवून १२ सेकंद जोरात हलवा. बर्फ लहान असेल तर ९ सेकंद. डब्याच्या अंगावर दव धरलं की झालं. चहाच्या गाळणीतून गाळा, बर्फाचे कण ग्लासात जाऊ देऊ नका, ते पुढची पाच मिनिटं पेय पातळ करत राहतात.

पहिल्या दोन-तीन वेळा गाळलेलं पेय मोजा. ८७ मिली आत गेलं असेल तर १२० ते १३० मिली बाहेर यायला हवं. ११५ च्या खाली असेल तर नीट हललं नाही, दारू टोचेल. १४० च्या वर गेलं तर पाणचट. एवढ्या एका मोजणीने लोकांच्या निम्म्या तक्रारी मिटतात.

ग्लास वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवलेला असावा. वर संत्र्याच्या सालीचा रुपयाएवढा तुकडा, केशरी बाजू पेयाकडे करून चिमटीत दाबा आणि टाकून द्या. कागदी लिंबाची साल इथे नको.

चाखून सुधारणं

प्रत्येक प्रयोगाला पूर्ण ग्लास करू नका. औषधाच्या दुकानातून ५ मिलीची बिनसुईची सिरिंज आणा आणि चौथाई माप करा: जिन १०, ब्रँडी ५, लिकर पावणेचार, लिंबू ३, आणि बर्फाऐवजी फ्रिजमधलं गार पाणी १०. शेजारी मूळ मापाची चौथाई ठेवा: साडेसात, साडेसात, अडीच, अडीच आणि पाणी ९. दोन्ही एकाच वेळी चाखा, थुंकून टाकलं तरी चालेल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने सुधारलं ते कधीच कळत नाही.

पूर्ण ग्लास केल्यावर तीनदा चाखा: लगेच, पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी. गार असताना गोडी दबलेली असते. पहिला घोट अगदी बरोबर वाटला आणि दहा मिनिटांनी पेय चिकट झालं, तर गोड जास्त आहे, लिकर १५ वरून १२ वर आणा. पहिल्या घोटाला जरा जास्त कोरडं वाटणारं पेय शेवटी चांगलं निघतं.

आंबट टोचतंय पण चव कोरडीच आहे, तर अर्धा चमचा पाक. मागे जिभेवर कडू राहतंय, तर आधी लिंबू पिळण्याची पद्धत तपासा, मग लिकरमधली साल. साबणासारखं लागतंय, तर जिनमधले धणे किंवा लिंबूवर्गी वास जास्त आहेत, बाटली बदला, मापाने ते जात नाही. सगळं बरोबर असून मधे पोकळ वाटतं, तर ब्रँडी ५ मिलीने वाढवून जिन तेवढी कमी करा.

कोकम, गूळ, फेणी

कोकम ब्रँडीशी चांगलं जुळतं, रंगही सुंदर येतो. पण आगळ वापरू नका. त्यात मीठ इतकं असतं की ३ मिलीतही पेय खारट होतं. अमृत कोकमही नको, ते साखरेने भरलेलं. आमसुलं धुऊन वरचं मीठ काढा, २० ग्रॅम आमसुलं ६० मिली गरम पाण्यात तासभर भिजवा, गाळा. यातलं १० मिली घ्या, लिंबू १२ वरून ९ वर आणा, मिठाचे थेंब वगळा, आणि हलवणं दोन सेकंद कमी करा, कारण पाणी आधीच आत गेलं आहे.

गुळाबद्दल माझं मत थोडं उलटं आहे. संकेश्वर-निपाणीकडचा काळसर गूळ ब्रँडीबरोबर छान लागेल असं सगळ्यांना वाटतं, आणि द्राक्षाच्या ब्रँडीबरोबर तो लागतोही. देशी ब्रँडीत मात्र कॅरमेल आधीच असतं, त्यावर गूळ म्हणजे जळक्या साखरेवर जळकी साखर. जिन पार बुडून जाते. वापरायचाच असेल तर १०० ग्रॅम गूळ ६० मिली पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळा आणि साखरेच्या पाकाच्या जागी अर्धा चमचाच घाला.

काजू फेणी ब्रँडीच्या जागी घालून पाहायची हौस अनेकांना असते. फेणीचा वास जिनला गिळून टाकतो. फार तर ग्लास ५ मिली फेणीने विसळून ती ओतून द्या, मग कॉकटेल गाळा. तेवढ्याने खानापूरच्या रानातला वास येतो आणि बाकीचं शाबूत राहतं.

शेवटचा हिशेब. आपल्याकडच्या बाटल्या ४२.८ टक्क्यांच्या असतात, युरोपातल्या पुष्कळशा ४० च्या. वर दिलेल्या एका ग्लासात शुद्ध अल्कोहोल सुमारे ३० मिली, म्हणजे ३० मिलीचे दोन पेग आणि वर तिसऱ्याचा एक तृतीयांश. गार आणि आंबट असल्यामुळे ते तेवढं वाटत नाही. जेवणाआधी एक ग्लास, सोबत शेंगदाणे किंवा तळलेली मासळी, आणि त्या रात्री गाडीची किल्ली दुसऱ्याकडे.